मंगलकाकीच्या हाताची चव

कुणाच्या हाताला चव आहे असा विषय निघाला की आमच्या भावकीत वर्षानुवर्षं एकच नाव घेतलं जायचं, मंगलकाकीचं. आणि मंगलकाकीला स्वयंपाक येत नव्हता. थोडाफार येत होता, असंही नाही. अजिबात येत नव्हता. ही गोष्ट ध्यानात यायला भावकीला वीसेक वर्षं लागली, यावरून आमच्या अकलेचा अंदाज करावा. मीही त्याच भावकीतली, अंकिता. मंगलकाकी माझ्या वडिलांच्या चुलतभावाची बायको. आष्ट्याच्या अलीकडे, उसाच्या पट्ट्यात आमचं गाव आहे आणि आमची दोन घरं एकाच अंगणात आहेत.

काकी दुष्काळी माण तालुक्यातली. दहिवडीच्या पुढं तिचं माहेर. भाऊ मुंबईला कामाला आणि वडील दम्यानं खाटेवर, त्यामुळं घरातली चूल तिच्या आईनं, दगडाबाईनं, सांभाळली आणि घराबाहेरचं सगळं काकीनं. शेळ्या तिनं राखल्या, औत तिनं धरलं, विहिरीवरची मोटर बंद पडली की ती खोलून परत बसवली. स्वयंपाकघरात ती फक्त जेवायला जायची. लग्न ठरवताना मध्यस्थानं आमच्या आजीला, म्हणजे नवऱ्यामुलाच्या आईला, शालूबाईला सांगितलं की पोरगी लय कामाची हाय. आजी खूश झाली. कामाची म्हणजे कुठल्या कामाची, हे विचारायचं राहून गेलं.

नवरा नाथाजीकाका फौजेत होता. आमच्या गावात घरटी एक तरी फौजी आहे, त्यामुळं त्यात विशेष काही नाही, पण आजी सगळ्यांना सांगायची, "माझा नाथा तोफखान्यात हाय." हे खरंच होतं. काका तोफखान्याच्या पलटणीतच होता, फक्त तोफेवर नव्हता, लंगरात होता. लंगर म्हणजे पलटणीचं स्वयंपाकघर. शेकडो जवानांची डाळ, भाजी, रोटी तो करायचा. पण तोफखान्यातला माणूस तोफच डागत असणार असं गावानं धरून चाललं, आणि आजीनं गावाला तसं चालू दिलं. सोप्यात आजोबांचा फोटो होता, छातीवर पदकं लावलेला. त्याच्याखाली बसून 'माझा ल्योक डाळ शिजवतो' असं म्हणायची तिची तयारी नव्हती. काकानंही कधी दुरुस्ती केली नाही. उलट सुट्टीवर आला की पारावर बसून बर्फातल्या गोष्टी सांगायचा. हळूहळू त्या गोष्टींत तोफा जास्त आणि परात कमी होत गेली.

लग्नानंतर सून घरात आली त्याच दिवशी आजी चुलीवरनं उठली. "आता माझं झालं," असं तिनं जाहीर केलं. भाकऱ्या तेवढ्या थापीन, बाकी सुनेनं बघावं. सुनेनं बघितलं. तिनं तुरीच्या डाळीची आमटी केली. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, पण माझी आई सांगते की त्या आमटीत डाळ एकीकडं होती, पाणी एकीकडं होतं आणि मीठ सगळीकडं होतं. आमच्या अंगणातलं कुत्रं ताटलीचा वास घेऊन मागं सरकलं. काका जेवला. आजी चटणी-भाकरी खाऊन उठली, पण शब्द मागं घेतला नाही. आजी तत्त्वाची बाई. तत्त्वासाठी ती वाईट आमटी खायला तयार होती.

दुसऱ्या दिवशी काकानं स्वयंपाकघराचं दार आतून लावलं आणि स्वतः आमटी केली. आजीला वास आला. तिनं दार ढकललं, बघितलं, आणि लेकानं उलथनं धरलेलं पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं आमटी चाखली आणि डोळे पुसले. तेव्हापासून घरात एक पद्धत पडली. काका आत गेला की दार लागायचं आणि आजी उंबऱ्याबाहेर पाट टाकून, मांडीवर तांदळाचं सूप घेऊन बसायची. कुणी आलं की म्हणायची, "मंगल सोवळ्यात हाय, आत जाऊ नका." आमच्या घरात सोवळं कुणीच पाळत नव्हतं. पण स्वयंपाक इतका चांगला होत होता, की कुणी चौकशी केली नाही.

काका सुट्टी संपवून गेला की घरातलं जेवण परत पूर्वपदावर यायचं. हा फरक बायकांच्या लक्षात आलाच. पण त्यांनी त्याचं कारण वेगळं लावलं. नवरा घरी असला की मंगलच्या आमटीला रंग चढतो, असं नळावर बोललं जाऊ लागलं. कुणी म्हणायचं, भरलं वांगं किती गं गोड लागत होतं, रात्री झोपलीस तरी का न्हाईस? काकी पदरात तोंड घालायची. सगळ्यांना वाटायचं लाजली. ती हसू दाबत असायची.

काका घरी नसताना ऊस तिनंच बघितला. ऊसतोडीच्या मुकादमाशी तिचं भांडण ऐकायला माणसं बांधावर थांबायची. ट्रॅक्टर शिकली, पाण्याच्या पाळीला एकटी जायला लागली. पण या कशाचं कुणी फारसं कौतुक केलं नाही. कौतुक व्हायचं ते आमटीचं. एकदा तिनं माझ्या आईजवळ म्हटलं होतं म्हणे, की लोकं माझं नाव घेत्यात तवा मला वाटतं दुसऱ्याच मंगलविषयी बोलत्यात. आईला वाटलं, बाई विनयानं बोलते.

काका हवालदार म्हणून निवृत्त होऊन कायमचा घरी आला आणि परिस्थिती हाताबाहेर गेली. आता बारा महिने चांगलं जेवण. बारशाला, साखरपुड्याला, नुसत्या रविवारी भावकी जमली तरी लोक काकीच्या घरी जेवायला येऊ लागले. अख्खा मसूर असा व्हायचा की धाब्यावर जाणारी पोरं अंगणात पंगत धरायची. सगळ्यात वाईट अवस्था काकाची. स्वतः राबायचा आणि बाहेर बसून बायकोची स्तुती ऐकायचा. मग राहवायचं नाही त्याला. सहज विचारल्यासारखं करून विचारायचा, "मसूर जरा जास्तच शिजलाय का रं?" त्यावर चार माणसं त्याच्या अंगावर जायची. एवढी अन्नपूर्णा मिळालीय आणि नावं ठेवतोस, लाज वाटू दे. काका मान खाली घालून आपलाच मसूर गिळायचा.

माझ्या भावाची बायको स्वप्नाली शिकलेली, तिनं काकीकडं रीतसर शिकायचं ठरवलं. काकीनं तिला स्पष्ट सांगितलं, "पोरी, मला काय येत न्हाई. खरंच न्हाई." स्वप्नालीनं घरी येऊन सांगितलं की काकी किती साध्या आहेत बघा, जराही गर्व नाही.

हे असंच कायम चाललं असतं. पण गेल्या वर्षीच्या जत्रेत बोकड आडवं आलं.

आमच्याकडं चैत्रात भैरोबाची जत्रा असते. पहिल्या दिवशी देवाला पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना मटण. भैरोबाला मटण चालत नाही, म्हणून त्याचा मान शेजारच्या म्हसोबाला. पाहुणे मात्र देवापेक्षा मटणासाठी येतात, हे दोन्ही देवांना माहीत असावं. सांगली, इस्लामपूर, कराडकडनं गाड्या भरून माणसं येतात. घरोघरी अंगणात चुलीवर मोठी पातेली चढतात. काकीच्या घरचं पातेलं मात्र आतल्या चुलीवर, दाराआड, आणि गर्दी नेहमीच तिथं जास्त.

जत्रेच्या पहिल्या दिवशी, पुरणपोळ्या झाल्यावर, काका बोकड आणायला गेला. बोकड दांडगं होतं आणि त्याला पुढचं काहीतरी समजलं असावं. गटारीच्या दगडाजवळ त्यानं असा हिसडा दिला की काका दोरीसकट आडवा झाला. उजवा हात मनगटात मोडला. आष्ट्याला जाऊन प्लास्टर घालून आला तेव्हा बोकड शांतपणे पाला खात होतं.

आता जेवण कोण करणार? कुणी आचारी सांगा म्हणालं, तर माझे वडीलच म्हणाले, मंगल असताना आचारी कशाला, हात नाथाचा मोडलाय, तिचा न्हवं. सगळ्यांना ते पटलं. काकी, काका आणि आजी तिघं आत गेली, दार लागलं, आणि बराच वेळ दार लागलेलंच होतं. काकीनं मागाहून मला सांगितलं की ती म्हणत होती सरळ सांगून टाकू, आणि आजी म्हणत होती, मी मेल्यावर सांगा.

शेवटी त्यांनी एक बेत केला. काकी चुलीशी राहणार आणि काका मोडका हात गळ्यात अडकवून खिडकीखाली खाटेवर पडणार. तिथनं खोकून सांगणार. एकदा खोकला की थांब, दोनदा खोकला की घाल. साधा बेत होता. पण सकाळीच स्वप्नाली मोबाईल घेऊन हजर झाली. आज तुमचा व्हिडिओ काढणार, म्हणाली, आणि तिच्या मागून भावकीतल्या आणखी तीन बायका शिकायला आल्या.

काकी कधी लाजली नाही, ती त्या दिवशीही लाजली नाही. कढईत खोबरं टाकलं आणि स्वप्नालीनं विचारलं, किती भाजायचं? काकी म्हणाली, वास येईपर्यंत. वास आला, पण तो करपल्याचा होता. खिडकीखालनं काका एकदाच खोकला. काकीनं उलटं धरून मीठ घातलं. काका पुन्हा खोकला. तिनं पुन्हा मीठ घातलं. काका घाबरून सलगच खोकत सुटला. तेव्हा माझ्या आईला त्याची दया आली आणि तिनं आल्या-मिऱ्याचा काढा करून त्याला बळंच पाजला. त्यानंतर खोकला थांबला आणि रस्सा वाऱ्यावर सुटला.

म्हसोबाला नैवेद्य गेला. म्हसोबा काही बोलला नाही. मग पहिली पंगत बसली. त्यात पाहुणे होते, गावातले निवृत्त सुभेदार हरिबातात्या होते, आणि आजी होती. आजीला भूक सहन होत नाही आणि आता तिच्या वयाला कुणी थांब म्हणतही नाही. वाढणं झालं. सगळ्यांनी पहिला घास घेतला. सांगलीचा एक पाहुणा पाण्याचा तांब्या तोंडाला लावून बसला. कुणी कुणाकडं बघेना. मंगलच्या हातचा रस्सा, त्याला वाईट कसं म्हणायचं? प्रत्येकाला वाटलं, बिघडलं असेल ते आपलंच तोंड.

आजीनं दुसरा घास घेतला. तो तिला गिळवेना. तिनं ताट पुढं सरकवलं आणि खाटेकडं मान वळवली.

"नाथा, ऊठ तिथनं," ती म्हणाली. "एक हात धड हाय न्हवं तुझा? आत जा आन ह्यो रस्सा सरळ कर."

काका उठून बसला. "आई, लोकं हायती," एवढंच म्हणाला.

"लोकं उपाशी हायती. अब्रूचं काय, पुढल्या जत्रंला परत मिळवू. बोकाड परत यायचं न्हाई."

काय चाललंय ते कुणालाच समजेना. तेवढ्यात काकी दारात आली. हाताला मसाला, कपाळाला राख. ती शांतपणे म्हणाली, "रस्सा आज मी केलाय. ह्याच्या आधीचा सगळा त्यांनी केलाय. मला कवाच येत नव्हतं. तोफखान्यात ते डाळ-भात करायचे, आन लय ब्येस करायचे."

पंगत जेवायची थांबली होतीच, आता श्वास घ्यायचीही थांबली. हरिबातात्यांनी हातातला तुकडा ताटात ठेवला. त्यांना वेगळीच शंका आली होती. त्यांनी काकाला विचारलं, "मग ते बर्फात रातभर जागून तोफ गरम ठिवायचास, ते रं?"

काका खाली बघून म्हणाला, "तोफ न्हवं तात्या. बंब."

तात्या आधी हसले. मग सांगलीचे पाहुणे, मग सगळं अंगण. काकाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता, पण तो उठला आणि चुलीकडं गेला. आजोबांचा फोटो भिंतीवर होता तिथंच राहिला, पडला वगैरे नाही.

त्यानंतर जे झालं ते बघण्यासारखं होतं. पाहुण्यांना ताक-भाकरी देऊन थोपवलं. काकानं मटणाचे तुकडे बाहेर काढायला लावले, निम्मा रस्सा ओतून दिला, नवं खोबरं आणि कांदा भाजायला घेतला. डाव्या हातानं उलथनं, आणि उजव्या हाताच्या जागी काकी. तिच्या ताकदीचं त्याला काम होतं. एवढं मोठं पातेलं ती एकटी फिरवत होती. काका तंद्रीत जाऊन पलटणीतल्यासारखा हुकूम सोडायला लागला, "आँच कम करो, जल्दी." काकी म्हणाली, "आवं मराठीत बोला, मी काय जवान न्हाई." स्वप्नालीचा मोबाईल चालूच होता. वीस वर्षं दारामागं चाललेला स्वयंपाक त्या दिवशी गावानं उघड्या दारातनं बघितला. दोघं एकमेकांना न बघता भांडी द्यायची-घ्यायची. दुपार उलटून गेल्यावर पंगत परत बसली. पातेलं खरवडून संपलं.

पुढं आठवडाभर गावाला दुसरा विषय नव्हता. काही जणांना हसू आलं, काहींना राग. आमच्याच घरातली एक थोरली चुलती काकीशी बोलेना. आम्हाला इतकी वर्षं फसवलं, असं तिचं म्हणणं. काकी स्वतः तिच्या दारात गेली आणि म्हणाली, "जेवलासा न्हवं इतकी वर्षं? ते पोटात गेल्यालं खोटं हुतं व्हय?" ती पुढच्या रविवारी जेवायला आली.

काकाचं मात्र बरं झालं, जरा जास्तच बरं झालं. माजी सैनिक मंडळी सव्वीस जानेवारीला दरवर्षी त्याला शौर्यावर बोलायला उभं करायची. या वर्षी त्यांनी त्याला उप्पीट करायला सांगितलं. भाषणापेक्षा उप्पीट पुष्कळ चांगलं झालं, असं तात्याच म्हणाले. आता त्याला चारी बाजूंनी बोलावणी येतात, आणि बोलावणी नसली तरी तो जातो. कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरतो, झाकण उचलतो, 'फोडणी घाईत घातलीय' म्हणतो. बायका काकीकडं तक्रार घेऊन येतात, की त्यास्नी जरा आवरा. काकी म्हणते, इतकी वर्षं म्याच कोंडून ठेवलं हुतं, तवा कुणी आभार मानलं न्हाईत.

मी तिला एकदा विचारलं, तुला चुकल्यासारखं होतं का गं, आता कुणी तुझ्या हाताचं नाव घेत नाही. ती मोटरीचा नटबोल्ट पिळत होती. म्हणाली, "जत्रा जवळ आली की माझ्या पोटात गोळा यायचा. आता नुसती भूक लागती."

बातमी माणला पोचली तेव्हा तिला आईचा फोन आला. दगडाबाई थकलेली होती, ऐकू कमी येत होतं, त्यामुळं ती ओरडून बोलायची आणि अंगणात सगळ्यांना ऐकू यायचं. ती काही वर्षांपूर्वी इथं येऊन लेकीच्या घरचं जेवून, तृप्त होऊन गेली होती. काकी तिची समजूत घालायला लागली, की आई, तुला तवा सांगायला जीभ वळली न्हाई. पलीकडनं आवाज आला, "मला पयल्या घासाला कळलं हुतं. त्यो कुणा गड्याचा हात हुता. माझी पोरगी मला म्हाईत न्हाई व्हय?" मग म्हणाली, तुला करून घालणारा मिळालाय म्हणून मी निर्धास्त घरी आले.

उन्हाळ्यात काकी माहेरी जाऊन आली, आणि येताना भाजलेल्या हुलग्याचं पीठ घेऊन आली. हुलगा म्हणजे कुळीथ, त्याच्या पिठाचं गूळ घालून पातळसर माडगं करतात. त्यांच्याकडं पावसाळ्यात, आजारपणात, दुसरं काही नसलं तरी हे असतं. काकाला ते ठाऊक नव्हतं, फौजेत कधी केलेलं नव्हतं. त्यानं उत्साहानं पिठात हात घातला, तर काकीनं पिशवी ओढून घेतली. हे मी करणार, म्हणाली.

तिनं केलं. गुठळ्या झाल्या. आजी म्हणाली, गुठळ्या हायती. काकानं तोंड उघडलं, काकीनं त्याच्याकडं बघितलं, आणि काकानं उघडलेल्या तोंडात माडगं घातलं. नंतर मला एकटीला त्यानं सांगितलं की पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्यायला पाहिजे. तिला सांगू का, म्हणून मी विचारलं. नको, म्हणाला, तिचं तिला करू दे.

गेल्या आठवड्यात झड लागली होती तेव्हा तिनं परत केलं. गुठळ्या तशाच. आजीनं त्यात भाकरी कुस्करली, काकानं दोन वाट्या घेतल्या, मीही घेतलं. काकीनं उभ्याउभ्याच आपली वाटी संपवली आणि ट्रॅक्टर घेऊन मळ्याकडं गेली. चरी काढल्या नव्हत्या आणि उसात पाणी साचायला लागलं होतं.